सुभेदार आप्पांचे पाय आणि माझा ड्रम

वायव्य सरहद्दीवरून, फ्रंटिअरवरून, आमची कंपनी परतली आणि माझी बदली बेळगावच्या ट्रेनिंग डेपोत झाली. पहिली मोठी लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, दुसरीची अजून चाहूल नव्हती. मी नायक होतो, ड्रमर. घर हिंडलग्याला, डेपोपासून जवळच, त्यामुळे माझ्यासारखा सुखी माणूस छावणीत दुसरा नव्हता. काम एकच. सकाळच्या परेडला रंगरूट चालायचे आणि मी ड्रम वाजवायचा. आमची लाइट इन्फंट्री. आमची चाल इतर पलटणींपेक्षा जलद, आणि तिचा आम्हाला केवढा तोरा! नव्या रंगरुटाचे पाय सुरुवातीला कुठेही पडतात. ड्रम सुरू झाला की ते आपोआप वळणावर येतात. असं का होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो पाडला सुभेदार आप्पांनी.

सुभेदार यल्लाप्पा बेळगुंदीचे, पेन्शनर. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात ते हवालदार होते तेव्हा त्यांच्या गावची चार पोरं त्यांच्याच सेक्शनमध्ये होती. चौघंही तिकडेच राहिली, आप्पा एकटे परतले. पुढे ते डेपोत ड्रिल शिकवायला आले आणि माझी पावलंही त्यांनीच सरळ केली. त्यांची वर्ड ऑफ कमांड पार शहरातल्या खडेबाजारात ऐकू जाते, असं आम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणायचो. आता त्यांना कंपवात झाला होता. उजवा हात सारखा थरथरायचा, आवाज बसला होता, आणि पाय भलत्याच ठिकाणी जमिनीला खिळायचे.

एका सकाळी ते डेपोच्या दवाखान्यात आले होते. मी ड्रम घेऊन ग्राउंडवर निघालो, तर आप्पा दवाखान्याच्या दारात उभे. दार उघडं, वाट मोकळी. शेजारी त्यांची बायको, आमची आक्का, हात धरून उभी. मी सॅल्यूट केला.

"आप्पा, चला की."

"तू हो म्होरं. माझं पाय आलं की मी येतो."

मी हसलो, आणि मग हसलो म्हणून वाईट वाटलं. ग्राउंडवर जाऊन ड्रम सुरू केला. स्क्वाड वळली तशी माझी नजर दवाखान्याकडे गेली. आप्पा दारातून बाहेर पडून गेटकडे निघाले होते. चांगली ताठ चाल, आणि आक्का मागून पळत होती. इकडे स्क्वाड हॉल्ट झाली, मी ड्रम थांबवला. तिकडे आप्पा रस्त्याच्या मधोमध थांबले. मला राहवेना. मी पुन्हा ड्रम सुरू केला. आप्पा चालू लागले.

"नायक! स्क्वाड उभी आहे. कुणासाठी वाजवतोस?" हवालदार मेजर ओरडला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. दवाखान्याच्या कॅप्टन साहेबांना मी धीर करून विचारलं. माणूस सरळ होता. म्हणाला, औषधानं हात जरा कमी हलेल. पायांचं कोडं मलाही सुटलेलं नाही. तू वाजवत राहा आणि काय दिसतं ते मला येऊन सांग.

मग सुट्टी मिळाली की मी ड्रम घेऊन बेळगुंदीला. आप्पांचं अंगण हे आमचं परेड ग्राउंड. ड्रमवर ते चालत, हे तर कळलंच होतं. मी टाळ्या वाजवून पाहिल्या, तरी चालले. नुसतं "लेफ्ट, राइट" म्हटलं, तरी चालले, पण मी दम घ्यायला थांबलो की तेही थांबत. एकदा शेजारच्या अंगणात दोघीजणी भात कांडत होत्या. मुसळं एकाआड एक पडत होती आणि आप्पा त्या ठेक्यावर आरामात फेऱ्या घालत होते. एकीनं घाम पुसायला मुसळ थांबवलं, इकडे आप्पांचा पाय अडकला.

"ए बायांनो, कांडा की गं! सुभेदार हितं अडकलाय!" ते ओरडले. आक्का पदर तोंडाला लावून हसत होती.

उंबऱ्यापाशी मात्र ठेकाही पुरेना. मला ग्राउंडवरच्या चुन्याच्या रेघा आठवल्या. उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे पावलापावलावर मी आडव्या रेघा ओढल्या. आप्पा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि एकेक रेघ ओलांडत खुशाल घरात गेले. सपाट जमिनीवर न उचलणारा पाय रेघ दिसली की उचलतो, हे बघून मी वेडाच झालो. माणसाच्या आत चालण्याचा हुकूम देणारा कुणीतरी असावा, तो आप्पांच्यात झोपला असावा, आणि बाहेरून कुणी हुकूम दिला की पाय तो मानत असावेत, असं मला वाटे. कॅप्टन साहेब माझं ऐकून घेत आणि मान हलवत.

हा सगळा खटाटोप मला मजेचा वाटे. आप्पांसाठी तो मजेचा नव्हता. गावात चावडीसमोर त्या पोरांच्या नावाचा दगड होता. लढाई थांबली त्या तारखेला दरवर्षी पेन्शनर तिथे रांगेत फॉलिन होत. सगळ्यांत सीनियर माणूस रांगेतून निघून एकटा दगडापर्यंत चालत जाई आणि नावं पुकारी. यंदा आप्पांना उचलून न्यावं, नाहीतर दुसऱ्यानं पुकारावं, असं बोलणं चाललं होतं.

"त्या पोरांस्नी मी चालवत नेलतं," आप्पा मला म्हणाले. "मला उचलून त्यांच्याम्होरं ठिवू नगा. माझ्या पायानं जमलं तरच मी जाणार, न्हायतर दुसऱ्यानं पुकारावं."

तो दिवस आला. मी युनिफॉर्ममध्ये, ड्रमवर काळं कापड. मेलेल्यांच्या समोर आम्ही ड्रमर स्लो मार्च वाजवतो. ती रीतच आहे, आणि तिच्यावर मी काय, आप्पांनीही कधी विचार केला नव्हता. अंगणात आम्ही वाजवली होती ती कायम क्विक, आमची जलद चाल.

मी स्लो मार्च सुरू केला. आप्पा निघाले. स्लो मार्चमध्ये पाऊल पुढे गेलं की क्षणभर हवेत धरावं लागतं. आप्पांचं पाऊल तिथेच लटपटलं, खाली आलं, आणि अर्ध्या वाटेवर दोन्ही पाय खिळले. सगळं गाव बघत होतं.

"खुर्ची आणा रं कुणीतरी," रांगेतून आवाज आला.

"खुर्ची नगं!" आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, हळूच, "क्विक वाजीव."

"आप्पा, मेलेल्यांच्या म्होरं क्विक?"

"ती पोरं क्विकवरच चालली. त्यातलं एक बी हळू चाललेलं मी बघितलं न्हाय. वाजीव!"

मी ड्रमवरचं काळं कापड ओढून काढलं आणि क्विक मार्च सुरू केला. एक पाय उचलला. मग दुसरा. मग सुभेदार यल्लाप्पा छाती काढून, आमच्या पलटणीच्या त्या जलद चालीनं, दगडाकडे निघाले. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. ठेका चालू असेपर्यंत त्यांना आपलं आपण थांबता येत नसे, म्हणून दगडापाशी मी दोन ठोके जोरात मारून थांबलो. ते थांबले. सुभेदाराला हॉल्ट देणारा नायक पलटणीत मी एकटाच असेन.

गावाची रीत अशी की नाव पुकारलं की त्या घरातलं कुणीतरी हाजिरी देतं.

"नागाप्पा."

"हाजिर," भाऊ म्हणाला.

"परशराम."

"हाजिर." त्याची बायको.

"लक्ष्मण."

"हाजिर." मुलगा. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता.

"भरमा."

कुणी बोललं नाही. भरमाची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. त्या घराला आता कुलूप होतं. आप्पांनी थोडी वाट बघितली. मग थरथरणारा हात कपाळाला लावला आणि त्या बसलेल्या आवाजात स्वतःच म्हणाले, "हाजिर."

आप्पा पुढे चार वर्षांनी गेले. शेवटच्या वर्षी पाय ड्रमचंही ऐकेनासे झाले होते, तेव्हा त्यांनी खाटेवरूनच नावं पुकारली. आता मीही पेन्शनर आहे. दरवर्षी त्या तारखेला बेळगुंदीला जातो. भरमाला मी कधी पाहिलं नाही, तो दिसायला कसा होता हे सांगणारंही कुणी उरलं नाही. त्याच्या नावाला हाजिर मी म्हणतो.