डॉक्टरांना सांगितलं नाही ते

मुलाचा घोळणा फुटला की मी आधी त्याच्यावरच ओरडायचे. उन्हात खेळतोस, पाणी पीत नाहीस, नाकात बोटं घालतोस. पंधरा वर्षांचा घोडा, पण मुकाट ऐकून घ्यायचा. उजवी नाकपुडी महिनोन् महिने चोंदलेली. मी नाकात तूप सोडलं, दूर्वांचा रस सोडला. एका दुपारी टॉर्च मारला तर आत लालसर गोळा दिसला. साचलेलं काहीतरी असेल म्हणून इअरबडने ओढायला गेले आणि रक्ताची धारच लागली. ठाकुर्लीच्या आमच्या घरातल्या मोरीत, टॉवेलमागून टॉवेल भिजवत आम्ही दोघं बसलो होतो. नवऱ्याला सांगितलं, नेहमीसारखाच घोळणा फुटला. खरं कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

त्यानंतर ठाण्याच्या सर्जननी नुकताच काढून घेतलेला स्कॅन पाहिला. म्हणाले, "गाठ कॅन्सरची वाटत नाही. या वयातल्या मुलांना होते ही. पण रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, म्हणून आम्ही तपासायला तुकडासुद्धा काढत नाही. कोणी टोचलं, ओढलं का हिला?"

"नाही," मी म्हणाले.

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि तोही म्हणाला, "नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी घालून गाठीकडे जाणारं रक्त बंद केलं. तरी रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी मुलाला आत नेलं आणि मागोमाग निघालेल्या सर्जनना मी अडवलं. नवऱ्यादेखत सगळं सांगून टाकलं.

"हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं," ते म्हणाले. "स्कॅन त्यानंतरचा आहे, त्यामुळे आज काही बदलत नाही." आणि आत गेले.

नवरा उठून पलीकडच्या बाकावर बसला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. दोन तासांनी नर्स घाईघाईने पिशवी घेऊन आत गेली. आता याला काही झालं तर ते माझ्याच हाताने, एवढंच डोक्यात. देवाचं नावसुद्धा आठवेना.

दुपारी सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती.

संध्याकाळी मुलगा शुद्धीवर आला. नाकात पट्ट्या ठासलेल्या, ओठ सुकलेले. मी वाकले.

"पप्पांना सांगितलंस?"

"हो रे. डॉक्टरांनापण."

"बरं झालं," तो म्हणाला. "मला काही झालं असतं ना, तर ते तुला एकटीलाच माहीत राहिलं असतं."