फॉरमॅट मारला तो रविवार

तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यातल्या आमच्या घरचा संगणक आईचा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रविवारी ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात नव्हती.

आईनं लग्नाआधी नांदेडला मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, लोखंडी मशीनवर. पुढे घरात संगणक आला तेव्हा त्याच मशीनच्या कळांच्या क्रमाचा कळफलक आणि एक जुना मराठी फाँट तिनं कुणाकडून तरी घालून घेतला. तेव्हापासून आमची सगळी पत्रकं तिच्याच बोटांतून निघतात. मी पत्रकवाली. पाणी, कचरा, बस, जे काय असेल त्यावर मी ओरडते आणि ती टाइप करते. टाइप करता करता माझी विशेषणंही छाटते. ‘एवढ्या शिव्या घातल्यास तर मुद्द्याला जागा कुठं राहील गं?’

त्या आठवड्यात विषय होता काचीगुड्याच्या एका शाळेतल्या मराठी वर्गांचा. ते बंद करायचं घाटत होतं, म्हणजे आमच्यासाठी शाळाच. सोमवारी सकाळी फाटकावर पत्रक वाटायचं होतं, अन् आमचा संगणक उघडायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात डाळ शिजावी.

माझा मामेभाऊ, आमचा दादा, पुण्याचा, इथं गच्चीबावलीकडे आयटीत आहे. रविवारी जेवायला येतो. म्हणाला, ‘आत्या, फॉरमॅट मारून नवी सिस्टम टाकतो. पळायला लागेल बघा.’ फायली त्यानं पेनड्राइव्हवर घेतल्या आणि जुनं सगळं पुसलं. इथवर ठीक होतं.

नवी सिस्टम आली ती हात पसरूनच. ईमेल द्या. फोन नंबर द्या. तुम्ही कुठं आहात ते कळू द्या. काय टाइप करता ते पाहू द्या. तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवू द्या. पाहुण्यानं उंबऱ्यावरच कपाटाच्या किल्ल्या मागाव्यात, तसं. आणि दादा प्रत्येक पानावर ‘मान्य’, ‘मान्य’ करत सुटलेला.

‘अरे दादा, वाचलंस तरी?’

‘कोण वाचतं गं हे?’

हे वाक्य मी रस्त्यावर पुष्कळदा ऐकलंय, माझंच पत्रक चुरगाळणाऱ्यांच्या तोंडून. तेव्हा राग येतो. त्या दिवशी शिसारी आली. कुणी वाचूच नये म्हणून लिहिलेला मजकूर, आणि तो आईच्या नावावर मान्य होत चाललेला. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

जेवणं झाल्यावर ती संगणकासमोर बसली. नमुन्याला म्हणून मागचं पत्रक उघडलं, तर पडद्यावर मराठीचा म नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डुकरांनी उकिरडा उकरावा तसं सगळं पान. दादानं फायली घेतल्या होत्या, फाँट घेतला नव्हता. जुने फाँट असेच असतात. आत सगळं इंग्रजी अक्षरांत साठवलेलं, वरून फाँट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटाच पुसला गेला होता. आमची इतकी वर्षांची भांडणं त्या उकिरड्यात.

‘जुनं राहू दे,’ आई म्हणाली. ‘आजचं करू.’

तिनं बोटं ठेवली आणि नेहमीसारखं, न बघता टाइप केलं. उमटलं ते जिभेवर घेता येण्यासारखं नव्हतं. नव्या सिस्टमचा मराठी कळफलकच वेगळा. आई थांबली आणि खाली कळांकडे बघायला लागली. तिला कळांकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

‘आत्या, टाइप कशाला करताय? आता कुणी करत नाही. माइकवर बोला, तो लिहितो.’

आई खाकरली आणि सभेत बोलावं तसं म्हणाली, ‘पालकांनो, आपली शाळा बंद करायलेत.’

पडद्यावर आलं: पालकांनो आपली शाळा बंद करायला या.

दादा फिस्सकन हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. आई नाही हसली.

‘मी असं म्हटलं का रे?’

‘नाही हो. पण ते करायलेत-बिरायलेत त्याला कळत नाही. शुद्ध बोला ना. “करत आहेत” म्हणा.’

‘तुझा बाप काय म्हणतो?’

‘बाबा पुण्यात गेल्यावर सुधारले.’

‘सुधारला म्हणतोस! बिमार होता का तो नांदेडात?’

तरी तिनं एकदा करून बघितलं. ‘आपली... शाळा... बंद... करत... आहेत.’ स्टेशनवर गाडी लेट असल्याची घोषणा करावी तसा आवाज. पडद्यावर मात्र बिनचूक उमटलं. आईनं ते वाचलं आणि माइक बंद केला.

‘नक्को. हे मी बोललेच नाही.’

मग मी तोंड सोडलं. ‘घरात येतोस, जेवतोस, हिचे हात काढून घेतोस, अन् वर जीभही धुऊन दे म्हणतोस?’

‘मी काय मुद्दाम केलं का? चांगलं करायला गेलो तर...’

‘जुना कळफलक कुठंय?’

‘तो आता कुणी वापरत नाही गं.’

‘कुणी म्हणजे कोण? ही समोर बसलीय ती कोण आहे?’

दादाचे कान लाल झाले. गुपचूप खुर्ची ओढून शोधायला बसला. आणि होता की तो! जुन्या टाइपरायटरचा कळफलक नेटवर होता, उतरवून घ्यायचा, बस. जाहिराती न मागता आल्या होत्या. हा मागावा लागला, तोही भांडून. याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

आईनं पुन्हा बोटं ठेवली. दोन-चार कळा इकडच्या तिकडे झाल्या होत्या, तिथं अडखळायची, ‘काय की बाई’ म्हणायची, खोडायची. हळूहळू मान वर आली. नजर पडद्यावर गेली आणि बोटं आपली आपण चालायला लागली. ‘पालकांनो, आपली शाळा बंद करायलेत.’ लगेच ‘करायलेत’च्या खाली नागमोडी लाल रेघ उमटली.

‘ही कशाची रे?’

‘शब्द चुकीचा आहे म्हणतोय तो, आत्या.’

आईनं चष्मा सारखा करून ओळ पुन्हा वाचली.

‘अन् “बंद”च्या खाली नाही ओढली?’

आई पुढच्या ओळीला लागली.