पिवळ्या चौकोनातलं गाव

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणीस वर्षं काढून ती भूकंप केंद्रात आली आणि येताना आपलं नवं नावही घेऊन आली. शिपायापासून संचालक मॅडमपर्यंत सगळे तिला एक्स्चेंजताई म्हणत. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा बाकीच्यांनी मिळेल ते घेतलं, कुणी घरी बसलं. हिला मात्र इथे बोलावून घेतलं, कारण केंद्राला कान हवा होता.

काम ऐकायला साधं होतं. सगळ्या मुलुखात मिळून केंद्राची यंत्रं एकतीस. जमीन किती हलली हे यंत्र अचूक सांगतं, पण ते जिथे पुरलंय तिथलंच. दोन यंत्रांच्या मध्ये चाळीस-चाळीस मैल रिकामे. ते भरायचे माणसांनी. धक्का बसला की लोक केंद्राच्या अर्जावर लिहून पाठवत किंवा फोन करत, आणि एक्स्चेंजताई त्यातलं खरं-खोटं पाखडून प्रत्येकाला एक ते बारामधला तीव्रतेचा आकडा देई. घाबरलेला माणूस मुंगीचा हत्ती करतो हे तिला पाठ होतं. म्हणून ती "किती जोरात हललं?" असं कधीच विचारत नसे. "उभं राहता येत होतं का? फडताळातलं काय काय पडलं? कुठल्या बाजूला?" असले तिचे प्रश्न. माणूस फडताळ आठवायला लागला की आपोआप खरं बोलतो, असं तिचं म्हणणं.

मग ते आकडे आणि यंत्रांचे आकडे एकत्र करून नकाशा रंगवायचं काम शेजारच्या टेबलावरच्या इंजिनियरचं. त्याला सगळे नकाशेभाऊ म्हणत. चाळिशीचा, हडकुळा, बोलायला तिरकस पण मनाने सरळ. नकाशावर मैलामैलाचे चौकोन. पिवळा म्हणजे भांडी पडली असतील, गिलाव्याला तडे गेले असतील. तांबडा म्हणजे घरं गेली. बचाव पथकं कुठे धाडायची ते या रंगांवर ठरायचं. आणि नियम असा की एका चौकोनातून निदान तीन वेगवेगळ्या माणसांचे अहवाल आल्याशिवाय ते धरायचेच नाहीत; तोवर जवळचं यंत्र म्हणेल तो रंग.

त्या बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी केंद्रातले दिवे झुलले, पाण्याचे पेले किणकिणले आणि नकाशेभाऊ खुर्चीतून उठत म्हणाला, "घ्या ताई, आले पाहुणे."

पुढच्या पाच मिनिटांत कुणालाच थट्टा सुचली नाही. धक्का मोठा होता. पश्चिमेच्या गिरण्यांच्या शहरातून अहवालांचा नुसता पाऊस पडायला लागला. शंभर, दोनशे, साडेअकराला चारशे बारा. पहिला नकाशा पडद्यावर आला तेव्हा गिरण्यांचं शहर नारिंगी होतं, आणि मॅडमनी फोनवर पथकांना तिकडेच निघायला सांगितलं.

एक्स्चेंजताई अहवाल वाचत होती, आकडे देत होती, पण तिचा डोळा पुन्हा पुन्हा पूर्वेकडच्या एका चौकोनावर जात होता. तिथे खालचं गाव होतं. टेकड्यांच्या मधल्या सपाट खोलगटात वसलेलं, म्हणून सगळे त्याला खालचं गावच म्हणत. वस्ती बावीस हजार. चौकोन पिवळा. अहवाल फक्त एक.

तिचा नवरा चश्मेवाला होता. दर बुधवारी पहिल्या बसने भिंगांची पेटी घेऊन खालच्या गावी जायचा आणि तिथल्या बाजारातल्या वाचनालयात दिवसभर लोकांचे डोळे तपासायचा. केंद्रातले लोक गमतीने म्हणत, याला लांबचं दिसतं, हिला लांबचं ऐकू येतं. आज सकाळी तो नेहमीसारखाच गेला होता. तिने त्याला दोनदा फोन लावून पाहिला होता. नुसती शांतता. घंटासुद्धा नाही.

"नकाशेभाऊ," ती म्हणाली, "खालच्या गावातून एकच अहवाल कसा?"

"हललं नसेल फारसं. जाणवलंच नाही तर कळवणार कोण?" तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "टेकडीवरचं यंत्रही तेच सांगतंय. आणि जो एक आलाय तोही हलका धक्का म्हणतोय. सगळं जुळतंय."

"तिथले लोक आहेत कसे ते ठाऊक आहे ना तुला? खाणीत सुरुंग उडाला तरी तिथून दहा फोन येतात. ट्रक गेला तरी तीन येतात. आज आख्खं गाव गप्प?"

नकाशेभाऊने आता मान वळवली. तिचा आवाज त्याला ओळखीचा वाटला नाही.

तिने तो एकमेव अहवाल उघडला. पत्ता खालच्या गावचा, खाली फोन नंबर. तिने लावला. लगेच उचलला गेला.

"धक्का बसला तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

"मी? ट्रकमध्ये. हायवेला जेवायला थांबलो होतो."

"म्हणजे गावात नाही?"

"नाही हो, गाव इथून सत्तर मैल. अर्जात पत्ता विचारला म्हणून घरचा लिहिला." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाई, तुम्ही सरकारी ना? मी मघापासून घरी फोन लावतोय. कुणाचाच लागत नाहीये. सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"बघते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि तो अहवाल त्या चौकोनातून काढून टाकला. आता खालच्या गावाचा साक्षीदार एकच उरला, ते यंत्र. आणि ते होतं टेकडीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, अखंड काळ्या खडकात. गाव मात्र एका जुन्या, बुजलेल्या तळ्याच्या गाळावर बसलेलं. खडक जिथे थरथरतो तिथे गाळ हिंदकळतो, हे केंद्रातल्या शिपायालाही ठाऊक होतं. नकाशाच्या हिशोबात गाळासाठी थोडी वाढ धरलेली होती, पण ती अंदाजाची.

ती उठून मॅडमच्या खोलीत गेली. नकाशेभाऊही मागोमाग आला. मॅडमचा एक फोन कानाला, दुसरा टेबलावर वाजत होता.

"खालचं गाव तांबडं आहे," एक्स्चेंजताई म्हणाली. "पथकं थांबवा."

"कशावरून?"

"तिथून एकही आवाज नाही, यावरून."

"ताई, गिरण्यांच्या शहरात माणसं अडकलीत. चारशे अहवाल आहेत माझ्यासमोर. आणि तुम्ही मला शून्य दाखवताय. शून्यावर मी गाड्या वळवू?"

एक्स्चेंजताईने एकदा श्वास घेतला. पुढचं वाक्य गिळून टाकता आलं असतं. "आणखी एक सांगायचंय. माझा नवरा आज तिथे आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यातून जे वजा करायचं ते करा."

मॅडमनी कानाचा फोन खाली घेतला.

"मग मला तीन अहवाल आणून द्या," मॅडम म्हणाल्या, आवाज बराच मऊ झाला होता. "नियम तुमच्यासाठीही तोच आणि माझ्यासाठीही. आणा, मी त्याच मिनिटाला गाड्या वळवते."

मोबाइलचा मनोरा पडला असणार, साधे फोन मुके होते. पण रेल्वेची स्वतःची वेगळी तार असते, रुळांच्या कडेने जमिनीखालून जाणारी, हे एक्स्चेंजच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिने रेल्वेच्या नियंत्रण कक्षात जुन्या मैत्रिणीला फोन केला. दोघींनी एकेकाळी शेजारी बसून आख्ख्या शहराचे कॉल जोडले होते.

"खालच्या गावचं स्टेशन जोडून दे."

"अगं, बाहेरचा फोन त्या तारेवर घ्यायची परवानगी नाही."

"माहीत आहे. जोड."

पलीकडे खटखट झाली. मग लांबून, खोल विहिरीतून यावी तशी एक घंटा वाजायला लागली. चार वेळा, पाच वेळा. कुणीतरी उचलला.

एक्स्चेंजताईने रिसीव्हर नकाशेभाऊच्या हातात कोंबला. "तू बोल."

"मी? ताई, हे तुमचं काम..."

"मी विचारलं तर मला हवं तेच ऐकू येईल. प्रश्न हे इथे लिहिलेत, याच क्रमाने विचार. एकही शब्द सुचवायचा नाही त्यांना."

तिला पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त नकाशेभाऊचा आवाज आणि त्याची पेन्सिल. "स्टेशनमास्तर का? ... धक्का बसला तेव्हा कुठे होतात? ... उभं राहता येत होतं का?" पेन्सिल थांबली. "कशाला धरलंत? ... आणि तो खांब?" त्याने आठाचा आकडा लिहिला, जरा थांबून खाली दोन रेघा मारल्या. मग त्याच तारेवर गावाच्या दुसऱ्या टोकाचा फाटकवाला जोडला गेला. तेच प्रश्न, तोच क्रम. नऊ.

तिसरा मिळेना. स्टेशनमास्तर बाहेर जाऊन कुणाला तरी शोधत होते. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. पथकांच्या गाड्या पश्चिमेच्या रस्त्याला लागून पंधरा मिनिटं उलटली होती, आणि प्रत्येक मिनिटागणिक त्या आणखी लांब जात होत्या. मैत्रिणीचा आवाज मध्येच आला असावा, कारण नकाशेभाऊ म्हणाला, "दोन मिनिटं, बाई, फक्त दोन मिनिटं."

मग बाजारातून धावत स्टेशनवर आलेली एक शिक्षिका फोनवर आली. नकाशेभाऊने पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला, आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला. "बाजारपेठ पूर्ण?" असं तो विचारायला गेला आणि ओठ मिटून पुन्हा कागदावरच्या प्रश्नावर आला.

वाचनालयाचं विचार, एवढे दोन शब्द एक्स्चेंजताईच्या जिभेवर आले होते. शिक्षिका तिथूनच आली असेल. पण त्या तारेवर रेल्वेगाड्या थांबवण्याचे निरोप खोळंबले होते. नकाशेभाऊने नऊ लिहिले आणि फोन ठेवला.

नवा नकाशा यायला पन्नास सेकंद लागली. खालचं गाव आणि भोवतालचे सहा चौकोन तांबडे झाले. मॅडम त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी हातातला फोन कानाला लावला. अर्ध्या गाड्या फाट्यावरून मागे फिरल्या.

त्यानंतरची दुपार तिने खुर्चीतच काढली. गिरण्यांच्या शहराचे सहाशे अहवाल वाचून झाले. कुणीतरी समोर खायला आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. साडेसहाला रेल्वेच्या तारेवरून स्टेशनमास्तरांचा निरोप आला. वाचनालयाची दर्शनी भिंत आणि छत कोसळलं होतं. आत बारा जण होते. पावणेपाचला पथकाने दहा जणांना जिवंत बाहेर काढलं. त्यांत पेटीवाला चश्मेवाला होता. उजवा हात चिरडला होता, पण बोलत होता.

तेव्हा कुठे ती रडली.

हात वाचला, पण दोन बोटं गेली आणि भिंगं घासायचं काम सुटलं. तो आता घरी बसून डाव्या हाताने लिहायला शिकत होता आणि स्वतःच्या अक्षराला स्वतःच नावं ठेवत होता. खालच्या गावात एकशे नव्वद माणसं गेली. गाड्या पश्चिमेलाच गेल्या असत्या तर किती गेली असती, याचा हिशोब चौकशी समितीने मांडला. नवरा तिथे होता हे एक्स्चेंजताईने समितीसमोरही आपणहून सांगितलं. समितीने तिला दोष दिला नाही. एक नियम मात्र बदलला. जिथून काहीच अहवाल नाही तो चौकोन यापुढे यंत्राच्या रंगात रंगवायचा नाही, त्यावर आडव्या रेघा मारायच्या. अर्थ, माहीत नाही. खालच्या गावच्या शाळेच्या मैदानात, गाळातच, एक नवं यंत्रही पुरलं.

गोष्ट इथे संपली असती. पण दोन महिन्यांनी गिरण्यांच्या शहरातून एक पत्र आलं. लिहिणाऱ्या बाईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. धक्क्यात जिना कोसळला आणि तो खाली अडकला. पाच वाजेपर्यंत आतून आवाज देत होता. लोखंड कापायचं मशीन असलेली गाडी सातला आली. 'आमच्या वाटेवर असलेली गाडी तुम्ही वळवलीत, असं ऐकलं. खरं आहे का?'

मॅडम म्हणाल्या, केंद्र उत्तर देईल. एक्स्चेंजताईने नकारार्थी मान हलवली आणि रविवारी स्वतः गेली.

दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा, त्यात कागद कोंबलेला. त्या बाईने तिला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही.

"तुमचा नवरा त्या गावात होता?"

"होता."

"आणि नसता तर?"

येताना सगळ्या वाटेने एक्स्चेंजताईने हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. "तरी फोन लावले असते," ती म्हणाली. "त्या गावाचं गप्प बसणं मला कुठल्याही दिवशी खटकलं असतं. पण इतक्या घाईने लावले असते का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

त्या बाईने स्टुल पुढे सरकवलं.

"तो तळमजल्याच्या पायरीवर होता," ती म्हणाली. "हातात डबा होता. मी वरून हाक मारली, तेवढ्यात सगळं एका बाजूला गेलं."

"कुठल्या बाजूला?" एक्स्चेंजताईच्या तोंडून निघून गेलं आणि ती ओशाळली.

पण बाईला राग आला नाही. तिने हाताने दाखवलं आणि सांगत राहिली: काय आधी पडलं, काय मागून, तो आतून काय म्हणत होता. आजवर कुणीच तिला हे इतक्या बारकाईने विचारलं नव्हतं. एक्स्चेंजताईने ऐकता ऐकता पर्समधून कागद काढला आणि विचारलं, "लिहून घेऊ का?"

"घ्या," ती बाई म्हणाली. "सगळं लिहून घ्या."