बोंगोचं फाटलेलं कातडं

मंडळी, आज बोंगोची जोडी घेतली. पैसे ठरले तेवढेच गेले, वरून एक चांगलं कातडं फाटलं आणि जिवाला घोर लागला.

गेवराईतल्या आपल्या ऑर्केस्ट्रासाठी फायबर नको, बकऱ्याचं कातडंच पाहिजे, म्हणून सिरसाळ्याला वाद्यं मढवणाऱ्या चाचांकडं गेलतो. सवयीप्रमाणे उजवा कान लावून छोट्या बोंगोवर थाप मारली. आवाज बसका!

"चाचा, कातडं ओलं हाय का?"

"न्हाई शेठ, कडक वाळलंय."

"मला शिकवता? नुसत्या थापेवर बकरं कुठल्या गावचं ते सांगतो मी!"

चाचा हसले. मी बोल्ट आवळायला लावले. तरी बसकाच.

"अजून ताणा."

"फाटंल, शेठ."

"ताणा हो!"

सोबत आलेली माझी बायको दारातून ओरडली, "अवो, बास! कानात सुया टोचायल्यात!"

मला काहीच टोचत नव्हतं. पुढच्या थापेला कातडं टर्रकन फाटलं.

चाचांनी दुसरी जोडी पुढं ठेवली. तिचाही आवाज बसकाच. मग मी हळूच डावा कान लावला. आवाज खणखणीत!

ऑर्केस्ट्रातली सगळी वाद्यं मीच सुरात लावतो. पोरांना अजून सांगितलं न्हाई. माझ्या जागी तुमी असता तर सांगितलं असतं का?

माझ्या उजव्या कानाला उंच सुरातला बारीक आवाज ऐकूच येत नाही.