नाक दाबून 'पुढील स्टेशन'

किस्से मुद्दाम जमवायला लागत नाहीत. रोज एकाच गाडीच्या एकाच डब्यात चढायचं आणि माझ्यासारखं आगाऊ असायचं, बास! वर्षभरात एवढे साठतात की आधी कुठला सांगू तेच कळत नाही. माझे पण साठलेत. फक्त सांगताना माझे कान लाल होतात, तेव्हा हसायचं तिथे हसा, माझ्याकडे बघू नका.

दहावीत दोन विषय उडाले. आईने वसईला एसी रिपेरिंगच्या क्लासला टाकलं. दुपारी भाईंदरवरून विरारकडे जाणारी गाडी तशी रिकामीच असते, तरी मी आणि इरफान लगेजच्या डब्यात. इरफान माझ्याच क्लासचा, राहतो सिल्व्हर पार्कला, मीरा रोडवरून बसून येतो. त्या डब्यात रोजची दोन माणसं. सावंत काका, स्टीलच्या डब्यांच्या गोण्या घेऊन वसईच्या दुकानांत पोचवणारे. आणि उत्तनची फिलोमिना मावशी, सुक्या बोंबलांची टोपली घेऊन. मावशी पहाटे तीनला उठलेली असते. "पोरा, वसई आली की मना उठव," एवढं बोलायचं, टोपलीला टेकायचं आणि घोरायचं. मधे एकच स्टेशन, नायगाव. दहा-बारा मिनिटांची झोप, पण काय झोप!

*

मला एक आर्ट येते. नाक दाबून बोललो की सेम अनाउन्समेंटवाली बाई!

एकदा इरफान आधीच्या गाडीने भाईंदरला येऊन थांबला होता. मी स्टेशनवर खांबाच्या मागे उभा राहिलो आणि सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, ही गाडी आज दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येईल." बाकड्यावरचे सहा-सात जण उठून जिन्याकडे पळाले. इरफान हसून हसून खाली बसला.

पाच मिनिटांनी त्यातला एक जण धापा टाकत, गुडघा धरून परत आला. माझे पप्पा!

मला बघून म्हणाले, "या रेल्वेवाल्यांना अक्कल नाही रे."

मी म्हटलं, "नाही ना पप्पा."

रात्री त्यांच्या गुडघ्याला तेल मीच चोळलं. आईला वाटलं पोरगा सुधारला.

*

लगेजच्या डब्यात सामान नसलं की टीसी पकडतो. एक दिवस टीसी चढला. मी सरळ मावशीची टोपली पुढ्यात ओढली.

"तुझी आहे?"

"हो साहेब. धंदा आहे आपला."

"मग घे डोक्यावर. दाखव उचलून."

मी उचलली. डोक्यापर्यंत गेली पण, तिथे मात्र नाही थांबली! अर्धे बोंबील साहेबांच्या अंगावर. साहेब निघाले शुद्ध शाकाहारी. डोळे मिटून तसेच उभे. मग दोन बोटांनी कोटाच्या खिशातून एक बोंबील बाहेर काढला आणि रडक्या आवाजात विचारलं, "हा कोणाचा?"

मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे साहेब, घरी न्या."

दंड राहिला बाजूला, साहेब नायगावला उतरून नळ शोधत पळाले. मावशीने खाली सांडलेले बोंबील एकेक करून वेचले. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "तू नको, तुझा धंदा मोठा हाय."

*

भाईंदरची खाडी आली की लोक गाडीतून निर्माल्य टाकतात. टाकू नये, मावशी रोज ओरडते, "नारळ नका टाकू, खाली पुलाच्या कडेनं मानसं चालतात." पण सावंत काकांच्या घरचा गणपती झाला होता. काका म्हणाले, "नुसती फुलं आहेत रे. दारात उभा आहेस तर तूच टाक."

मी मोबाईलवर व्हिडिओ काढत, स्टाईल मारत, न बघता पिशवी भिरकावली. इरफान ओरडला, "भाई, वो दूसरी थैली थी!"

काकांचा जेवणाचा डबा! जन्मभर डबे विकणाऱ्या माणसाचा स्वतःचा डबा खाडीत. निर्माल्याची पिशवी तशीच पायाशी, वर दूर्वांची जुडी.

काकांनी शांतपणे बायकोला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तूच सांग."

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. सॉरी, सॉरी, दहा वेळा सॉरी. पलीकडून काकू हळूच म्हणाल्या, "बाळा, भाजी दुधीची होती. आज त्यांना ती खावी लागणार नाही आणि मला त्यांची कुरकुर ऐकावी लागणार नाही. छान केलंस!"

*

आता खरा किस्सा. हा मी कुणाला सांगत नाही.

एक दिवस सावंत काका नव्हते आणि मावशी टोपलीशिवाय आली. नवी साडी, केसात गजरा, हातात फक्त एक स्टीलचा डबा. तळलेल्या बोंबलांचा वास नुसता घमघमत होता. मी हात पुढे केला तर फटकाच दिला, "हात नको लावू. तुझ्यासाठी न्हाय ते." आणि डबा पोटाशी धरून झोपली.

मला राग आला. नायगाव आलं तसं मी नाक दाबलं, "पुढील स्टेशन, वसई रोड." मावशी दचकून उठली आणि घाईघाईत उतरली. मीच हात धरून उतरवली! गाडी सुटली तेव्हा ती स्टेशनचं नाव वाचत होती. आम्ही वसईपर्यंत हसलो.

मग तीन दिवस मावशी आलीच नाही. चौथ्या दिवशी सावंत काका म्हणाले, "तिचा पोरगा बोटीवर असतो. गुजरातवरून खाली केरळला चाललेला, नवीन बोट पकडायला. त्याची गाडी वसईला थोडा वेळ थांबते. तेवढ्यात भेटायला गेलेली बिचारी. झोपेत नायगावला उतरली. दुसऱ्या गाडीने पोचली तर शेवटचा डबा दिसला फक्त. आता वर्षभर तो काही येत नाही."

इरफानने माझ्याकडे बघितलं. मी काकांच्या गोणीकडे.

पाचव्या दिवशी मावशी आली. तशीच. "पोरा, वसई आली की मना उठव."

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी..."

"काय?"

"काही नाही."

असं तीन वेळा झालं. मग मी नुसता जागा राहायला लागलो. वसई आली की हळूच उठवायचं, टोपली स्टेशनच्या पुलापलीकडे पोचवून यायची. इरफान म्हणायचा, "भाई, तू तो हमाल बन गया." बोलू दे.

*

आणि हा परवाचा.

आदल्या रात्री जागरण झालेलं. तरी ठरवून आलो होतो, आज सांगायचंच. गाडी सुटली. म्हटलं, "मावशी, एक बोलायचंय."

"वसईला बोल. हे धर, मांडीवर ठेव. उघडू नको." कागदाची पुडी होती. मावशी झोपली. खाडी आली, वारा आला, आणि माझाच डोळा लागला.

कानाशी आवाज आला, "पुढील स्टेशन, वसई रोड."

मी बॅग, पुडी उचलून टुणकन उडी मारली. गाडी सुटली. समोर पाटी, नायगाव.

लगेजच्या दारात मावशी उभी होती. दोन बोटांनी नाक दाबून.

मी बाकड्यावर बसलो. पुडी उघडली. तळलेले बोंबील. अजून गरम होते.