एकच चष्मा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच, आणि तो मला रोज सकाळी लिफ्टपाशी भेटतो. सात वर्षं झाली. आज का लिहितोय, तेही धड सांगता येणार नाही. पण बसलोय खरा. जरा मागून यावं लागेल — एकदम त्या गोष्टीवर येण्याचं धाडस नाही माझ्यात.

मी आकड्यांचा माणूस. एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवरची मापं तपासली. अर्ध्या मिलिमीटरची चूक मला खपत नसे. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत मला सगळे 'नियमवाले' म्हणत. मला ते आवडायचं — हेही कबूल करून टाकतो.

तर अशा माणसाने बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच घेतला. नट-बोल्ट खोलायचं आणि आवळायचं मशीन. ते नुसतं फिरवत नाही, फिरवता फिरवता आतून हातोडीसारखे ठोके देतं. गंजलेला बोल्ट, जो दोन माणसांना हलत नाही, तो चार सेकंदांत सुटतो. मी त्याच्यासोबत आलेलं पुस्तक दोनदा वाचलं आणि अकरा नियम स्वतःच्या अक्षरात लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले. सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी लोखंडी वाटी, बदलताना आधी बॅटरी काढायची. बॅटरी गरम असेल तर चार्जिंगला लावायची नाही. काम झालं की हवेच्या फटींतली धूळ ब्रशने काढायची. बोल्ट आवळताना पहिले दोन आटे हाताने फिरवायचे, शेवटचा ताण हातपान्याने तपासायचा. मशीनला फक्त काळी, जाड सॉकेटं लावायची. हातपान्याची चकचकीत सॉकेटं कधीच नाही, कारण ती कडक असतात आणि ठोक्यांनी तडकतात. आणि चष्मा — सेफ्टीचा चष्मा — मशीन चालवणाऱ्याने आणि जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाने लावायचा.

हे सगळं मला पाठ होतं. अजूनही आहे. म्हणून तर लिहितोय ना? ज्याला माहीत नव्हतं त्याच्या हातून झालं असतं तर ती चूक असती.

चाळ रिकामी करायची होती. इमारत पडणार, नवी उभी राहणार, तोवर तीन-चार वर्षं ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये. जो तो आपापल्या खोलीतले पोटमाळे सोडवत होता — लोखंडी अँगल फुकट का सोडायचे? माझ्या मशीनला अचानक मागणी आली. दोन रविवारांत मी सहा खोल्यांतले पोटमाळे उतरवले. लोक चहा आणून देत होते, हातात मशीन घेऊन बघत होते. त्या दोन रविवारी मी जितका खूश होतो तितका नोकरीतल्या बढतीने झालो नव्हतो.

सातवी खोली रघूची. रघुनाथ. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत. आम्ही एका वर्गात होतो, एकाच बाकावर. तो एका कंपनीची स्टाफची बस चालवायचा. वीस वर्षांत एकदाही कुणाला घासली नाही, असं अभिमानाने सांगायचा. मूळचा मालवणकडचा, त्यामुळे तोंड सुटलेलं. झाकणावरचा कागद बघून म्हणाला, "शिरा पडो तुझ्या नियमांवर मेल्या! हे वाचेपर्यंत बिल्डर येऊन चाळ पाडील. चल, घाल बंदूक."

त्याचा पोटमाळा त्याच्या आजोबांनी घातलेला, गिरणीतल्या फिटरकडून. बोल्ट जुन्या इंची मापाचे. माझ्या काळ्या संचातलं तेवीसचं सॉकेट बसेना, चोवीसचं सैल पडून बोल्टचे कोपरे खाऊ लागलं. माझ्या वडिलांच्या पेटीत जुनी इंची सॉकेटं होती. त्यातलं एक बोल्टवर इतकं नेमकं बसलं की माझ्यासारख्या माणसाला समाधान वाटावं. ते होतं हातपान्याचं. चकचकीत.

हाताने करता आलं असतं. लांब दांडा लावून बोल्टला दहा मिनिटं, बोल्ट आठ. ऐंशी मिनिटं. मी हा हिशेब खरोखर मनात केला होता. दारात तिघं-चौघं उभे होते, माझं मशीन बघायला. त्यांच्यासमोर दांडा घेऊन घाम गाळत बसायचं?

लावलं मशीनला.

मी शिडीवर, या बाजूने बोल्टच्या डोक्यावर मशीन धरून. रघू स्टुलावर, अँगलच्या पलीकडून नटावर पाना धरून. त्याचा चेहरा माझ्या हातापासून वीतभर. पाच बोल्ट सुटले. पाचव्यानंतर सॉकेटवर बोट फिरवलं तर काहीतरी लागलं. नियमाप्रमाणे आधी बॅटरी काढली. सॉकेट उजेडात धरलं. काठापासून खाली, केसासारखी बारीक चीर.

मी ती पाहिली. अंधुक नाही, ओझरती नाही — नीट पाहिली. तीनच राहिलेत, असा विचार केला. सॉकेट परत लावलं. बॅटरी परत लावली.

सातव्या बोल्टला ते फुटलं.

आवाज फटाक्यासारखा. रघू स्टुलावरून खाली बसला, दोन्ही हात उजव्या डोळ्यावर. ओरडलासुद्धा नाही. "अगो बाय," एवढंच म्हणाला. आणि मी काय केलं? शिडीवरून उतरलो, आणि सॉकेटचा मोठा तुकडा आधी उचलला. खिशात घातला. मग रघूला धरलं. दोन सेकंद असतील, तीन असतील. पण क्रम तो होता — आधी तुकडा, मग रघू.

हॉस्पिटलच्या बाकावर मंदावहिनी, रघूची बायको, मला म्हणाली, "भावोजी, काय झालं हो नेमकं? तुम्ही होतात ना?" मी उत्तर दिलं. अडखळलोही नाही. "जुना बोल्ट, गंजलेला, त्याचाच तुकडा उडाला. मी चष्मा घे म्हटलं होतं, त्याने घेतला नाही."

इथपर्यंत यायचं होतं मला.

मी त्याला चष्मा घे म्हटलं नव्हतं. म्हणणार कसा? दुसऱ्या चष्म्याची काच आदल्या रविवारी तडकली होती, नवा आणायचा राहिला होता. पेटीत एकच चष्मा होता आणि तो माझ्या डोळ्यांवर होता. त्या बाकावर बसून मी हे बोललो, तेव्हाही तो माझ्या कपाळावर चढवलेला होता. वहिनीने तो पाहिला असेल. कदाचित म्हणूनच तिला माझं खरं वाटलं. शिवाय रघू नियमांची टर उडवतो हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं. दारातले तिघं-चौघं? त्यांना मशीनच्या आवाजात काय ऐकू आलं असणार. खोटं बोलायला इतकी सोयीची जागा मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

वहिनी आत गेली. पडद्याआडून तिचा आवाज आला, रडका आणि संतापलेला. "किती वेळा सांगायचं तुम्हाला! भावोजी सांगत होते ना? सगळ्याची मस्करी!" पट्टी बांधलेल्या माणसाला ती बोलत होती, आणि मी बाहेर बसून ऐकत होतो.

दोन ऑपरेशनं झाली. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बस गेली. कंपनीने त्याला गाड्यांच्या आवक-जावकीच्या टेबलावर बसवलं. पहिल्या दिवशी घरी आला तेव्हा म्हणाला, "दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिवतंय रे आता." हसला. मीही हसलो.

सॉकेट मी भंगाराच्या गोणीत टाकलं. कुणी विचारलंच नाही.

तुम्हाला वाटेल, रघूने कधी म्हटलं नाही का, की असं काही घडलंच नव्हतं? म्हटलं ना. पहिल्या महिन्यात म्हणाला, "तू बोललास ते मला आठवत नाही रे. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नसेल." माझ्याकडे बघत थांबला होता. तो मला दिलेला दरवाजा होता — त्याच्या मनात तसं नसेलही, पण दरवाजाच. मी म्हणालो, "आवाज फार होता." पुढच्या वर्षी तो लोकांना सांगू लागला, की सुहास बोलला होता, मीच लक्ष दिलं नाही. आणि आता तो सांगतो त्यात मी चष्मा पुढे केलेला असतो आणि त्याने तो हाताने बाजूला सारलेला असतो. माझं खोटं त्याने माझ्यापेक्षा नीट पूर्ण केलंय. त्याला ते दिसतं. एका डोळ्याने का होईना, माझा हात पुढे आलेला त्याला दिसतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. नव्या इमारतीत आम्ही एकाच मजल्यावर आहोत. खाली पार्किंगमध्ये सायकलींचा स्टँड बसवायचा होता. रविवारी सकाळी मी मशीन घेऊन उतरलो, सोसायटीतले दोघं नवे शेजारी मदतीला आले. पेटीत आता चार चष्मे असतात. मी काढायच्या आत रघूनेच ते काढले आणि दोघांच्या हातात दिले.

एकजण म्हणाला, "काका, दोन बोल्टांसाठी काय चष्मा?"

"लाव, लाव," रघू म्हणाला. "मी पण असाच शाणपणा केला होता." आणि त्याने उजव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "हा माणूस चष्मा घेऊन समोर उभा होता. मी घेतला नाही. माझीच मस्ती. ह्याचं ऐकलं असतं तर आज बस चालवत असतो." मग माझ्याकडे वळला. "सांग ना रे ह्यांना, दिला होतास की नाही?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. हॉस्पिटलात मी घाबरलेलो होतो, हातावर रघूचं रक्त होतं. इथे तसं काही नव्हतं. सकाळचे साडेदहा, माझं पोट भरलेलं, कपडे स्वच्छ. विचार करायला हवा तितका वेळ होता.

मी "हो" म्हणालो.