केबिनमधली डावी जागा

पुण्याच्या एका संस्थेने मला रत्नागिरीला पाठवलं ते एसटीचे ड्रायव्हर बघायला. गाडी चालवताना माणूस नेमकं काय काय करतो, ते टिपायला. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाला त्या काळी यापेक्षा बरं काम मिळत नसे, आणि हेसुद्धा तीनच महिन्यांचं होतं.

संस्थेचे प्रमुख परदेशात राहून आलेले. डेपोत नारळ फोडून त्यांनी अभ्यासाचं उद्घाटन केलं आणि जमलेल्या मेकॅनिकांना अर्धा तास समजावलं, की पुढेमागे गाड्या आपल्या आपण चालतील, माणूस नुसता उतारू म्हणून बसेल. तेव्हा ड्रायव्हर जे करतो ते यंत्राला शिकवण्यासाठी आधी कागदावर उतरलं पाहिजे. मेकॅनिकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडच्या दोन गाड्या ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हत्या.

मला बाजूला घेऊन त्यांनी एक नियम सांगितला. निरीक्षकाने ड्रायव्हरशी किंवा उतारूंशी एक शब्द बोलायचा नाही. "तुम्ही तिथे नाहीच, असं समजा." मांडवीत भाड्याची खोली घेऊन आठवडाभर राहिल्यावर हे समजायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

माझ्या वाट्याला जयगडची वस्तीची गाडी आली. संध्याकाळी रत्नागिरीहून सुटायची, रात्री जयगडला मुक्काम, सकाळी परत. ड्रायव्हर पन्नाशीतला, जयगडचाच. त्याच्या बायकोला अर्धांगवायू झालेला. दिवसा शेजारीण बघायची, पण रात्री तिला उचलून कुशीवर वळवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. वर्षभर अर्ज करून करून त्याने ही गाडी मिळवली होती. हे मला कंडक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं. मी नुसती मान हलवली. तेव्हापासून मी वरच्या ऑफिसने चहाड्या करायला पाठवलेला माणूस ठरलो.

मी बसायचो केबिनमध्ये, बॉनेटच्या डाव्या अंगाच्या एकट्या सीटवर. मांडीवर तक्ता, हातात घड्याळ. आरसा पाहिला, हॉर्न दिला, ब्रेक दाबला, बोलला. बोलणं 'लक्ष विचलित' या रकान्यात जायचं. पहिले दोन दिवस तो रकाना ओसंडून वाहिला. मग माझ्यामुळे कोणी बोलेनासं झालं, आणि ड्रायव्हरचं लक्ष सुधारल्याचं तक्त्यावरून सिद्ध झालं.

एकदा रिकामी पाटी घेऊन परतणारी मासळीवाली म्हातारी मागून म्हणाली, "लिवा हो मास्तर, म्हातारी खोकली. दोनदा." सगळी गाडी हसली. हसू मलाही आलं, ते मी तक्त्यात तोंड घालून दाबलं. रत्नागिरीत माझ्या वाट्याला आलेला तेवढाच एक विनोद.

अरुंद वळणावर समोरून गाडी आली, की ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा. क्षणभरच. मी 'डावीकडे नजर' या रकान्यात रेघ ओढायचो.

सहाव्या आठवड्यात, जयगडच्या अलीकडच्या उतारावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक समोर आला. ड्रायव्हरने गाडी डावीकडे घेतली, माझ्याकडे पाहिलं. मी रेघ ओढली. डावं चाक कडेवरून घसरलं आणि गाडी गटारात जाऊन दरडीला टेकली. लागलं कोणाला नाही. पुढची काच मात्र तडकली.

सगळे उतरल्यावर म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अवो, तिथं बसल्यावर बोलायचं असतं."

"म्हणजे?" मी विचारलं. नियम मोडला गेला, हे नंतर लक्षात आलं.

"तिथं बसनारा डावी कड सांगतो. जागा हाय, येव दे. नायतर, बस, थांब. डायवरला तेच्या जागेवरनं डावं चाक काय दिसतं? आजवर कोनाला शिकवायला लागलं नाय."

"त्यांना कशाला बोलतेस, मावशी," ड्रायव्हर म्हणाला. तो वाकून चाक बघत होता. "इतके दिवस गप्प होते, इतके दिवस जागा होती. मला वाटलं, आजपण आहे."

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं आणि चौकशी होईपर्यंत डेपोत रात्रपाळीला बसवलं. त्याची रात्र आता रत्नागिरीत जाणार होती. डेपो मॅनेजरने माझे तक्ते मागितले. तक्त्यात स्पष्ट होतं: डावीकडे पाहिलं, तरी गाडी घातली.

मी पुण्याला ट्रंक कॉल लावला. प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"निरीक्षक हा गाडीचा भाग नसतो. तक्ते आहेत तसे द्या."

"पण सर, मी त्या सीटवर होतो."

"त्याचा रकाना आहे का?"

नव्हता. मी तक्त्यांना दोन पानी पत्र जोडलं. या रस्त्यावर गाडी दोन माणसं चालवतात. दुसऱ्याच्या जागेवर सहा आठवडे मी मुका बसलो होतो. सबब माझी एकही नोंद धरू नये.

मॅनेजरने पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे चूक तुमची?"

"हो."

त्याचा चेहरा उजळला. चूक बाहेरच्या माणसाची निघाली की कुठल्याही ऑफिसचं निम्मं काम संपतं. चौथ्या दिवशी ड्रायव्हरला त्याची गाडी मिळाली आणि मला पुण्याहून तार आली: अभ्यास बंद, परत या.

त्या संध्याकाळी डेपोच्या कँटीनमध्ये तो माझ्या समोर येऊन बसला. चहा बशीत ओतून फुंकू लागला.

"तीन रात्री शेजारीण आली," तो म्हणाला. "पण बायकोला वळवायला तिला जमत नाय. पाठ सोलवटली, असा निरोप आला."

"वाईट झालं."

"गाडी घसरली त्या रात्री घरी सांगितलं तुमचं. दीड महिना माणूस बसतो, बोलत नाय म्हटलं. ती विचारत होती, त्यांना घरचं कोण नाय काय?"

तेवढ्यात कंडक्टरने बाहेरून हाक मारली. गाडी लागली होती. तो बशी पालथी घालून उठला आणि गेला. मला त्या गाडीने जायचं आता काही कारण नव्हतं.